तोफ निघून जाते, गाव तिथेच राहतं : नाशिकच्या संरक्षणाची आखणी करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्याच्या संरक्षणाची आखणी ज्यांच्या टेबलावर होते, त्या सर्व मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांना

विषय : युद्धकाळाच्या आखणीत नागरिकांचा हिशेब आधी मांडण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. राहते नाशिकरोडला. वडील तोफखान्यात हवालदार होते आणि माझं बालपण देवळालीच्या क्वार्टरमध्ये गेलं. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची, फडताळातली भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आई चहा ओतत राहायची. तो आवाज आपला आहे हे आम्हाला ठाऊक होतं. हे पत्र सैन्याच्या विरोधात नाही, हे म्हणून आधी सांगते. ज्या घरात फौजेचा गणवेश खुंटीला टांगलेला असायचा, त्या घरातून हे पत्र येतं आहे.

9 मे 2025 ची रात्र मला विसरता येत नाही. दोन दिवस आधी, 7 मे ला, देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला होता आणि त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं. 9 तारखेला संध्याकाळपासून आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निरोप फिरत होता : आज रात्री ब्लॅकआऊट, दिवे दिसले तर कारवाई. तो कुणी पाठवला, खरा की खोटा, कुणालाच माहीत नव्हतं. नऊच्या सुमारास कुणीतरी घाबरून खाली जाऊन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडला. माझी आई 86 वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. तिला प्राणवायू देणारं यंत्र विजेवर चालतं. ते बंद पडलं. सिलिंडर घरात होता, पण तो उघडायचा पाना अंधारात सापडेना. मी सदतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, आणि माझे हात थरथरत होते. त्याच वेळी जिन्यात कुणीतरी ओरडलं, "भोंगा झाला!" आणि माणसं खाली धावली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते आजही काठीशिवाय चालत नाहीत.

त्या रात्री नाशिकवर काहीही पडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी एका कार्यालयात गेले. आमच्या भागासाठी आसरा घ्यायची जागा कोणती, खऱ्या आणि खोट्या निरोपातला फरक कसा ओळखायचा, अंथरुणावरच्या माणसांचं काय करायचं, हे तीनच प्रश्न विचारले. समोरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "ताई, वरून अजून काही आलेलं नाही." मग मी नागरी संरक्षणाची स्वयंसेवक म्हणून अर्ज भरला. शिक्षण लिहिलं, अनुभव लिहिला, रक्तगट लिहिला. वर्ष उलटून गेलं. एक फोन आलेला नाही. मी एकटी असते तर गप्प बसले असते. माझ्यासोबत निवृत्त झालेल्या आणखी चौघींनी अर्ज भरले होते. त्यांनाही नाही.

आता कुणी म्हणेल, नाशिक कुठे आणि सीमा कुठे. पण हे तुम्हीच ठरवलेलं आहे. देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांच्या यादीत नाशिकचं नाव आहे, दुसऱ्या श्रेणीत. सिन्नर आणि मनमाडही त्याच श्रेणीत आहेत. कारणं शाळेतल्या पोरालाही सांगता येतील. देवळालीला तोफखान्याची शाळा, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, एकलहऱ्याला वीजकेंद्र, मनमाडजवळ इंधनाचे डेपो. ओझरहून मिगपासून सुखोईपर्यंत विमानं उडाली, 17 ऑक्टोबर 2025 ला तेजस मार्क 1ए उडालं, तेव्हा टीव्हीसमोर बसून आम्हीही टाळ्या वाजवल्या. त्या अभिमानाबरोबर जोखीमही येते आणि ती आम्ही नाकारत नाही. फक्त ती आम्हाला कुणी समजावून सांगितलेली नाही.

आणि अंतराचा भरवसा आता उरलेला नाही. 8 मे 2025 च्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आले, हे आपल्याच सरकारने सांगितलं. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच 1 जूनला युक्रेनने ट्रकांमधून सोडलेल्या ड्रोनांनी स्वतःच्या सीमेपासून चार हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सायबेरियातल्या विमानतळावर हल्ला केला.

माझे वडील 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर होते. युद्धाबद्दल ते फार बोलत नसत. पण एक गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली. तोफेने गोळा टाकला की शत्रूला तिची जागा कळायला वेळ लागत नाही, म्हणून मारा करायचा आणि जागा सोडायची. आता तर तोफगोळ्याचा मार्ग पाहून तोफेची जागा काही क्षणांत सांगणारी रडार आली आहेत, आपल्याकडे स्वाती आहे, त्यामुळे जागा सोडण्याची घाई आणखी वाढली. डावपेच म्हणून हे बिनचूक आहे, त्याने आपले जवान वाचतात. पण वडील पुढे म्हणायचे, "तोफ निघून जाते, गाव तिथेच राहतं. उत्तर गावाला मिळतं." त्यांच्या तुकडीजवळचं सीमेवरचं एक गाव आधीच रिकामं केलेलं होतं. घरांना कुलपं, शेतात उभं पीक आणि रस्त्यात फक्त कुत्री. ते रिकामं गाव आठवलं की त्यांना हायसं वाटायचं. "कुणीतरी आधी विचार केला होता," एवढंच म्हणायचे.

देश वाचवण्याच्या प्रत्येक डावपेचात ही दुसरी बाजू असते आणि ती कागदावर यायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने आक्रमण केलं तेव्हा युक्रेनने कीव्ह वाचवायला इरपिन नदीवरचा पूल स्वतःच उडवला. रणगाडे अडले. पण त्याच मोडक्या पुलाखाली, फळ्यांवर पाय ठेवत, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया तोफांच्या माऱ्यात पलीकडे जात होत्या. धरणाचं पाणी मुद्दाम सोडून त्याच नदीचं खोरं बुडवलं. राजधानी वाचली आणि देमिदिव नावाच्या गावाची तळघरं महिनोन्‌महिने पाण्यात राहिली. तिथल्या लोकांनी ते सोसलं, आणि अनेकांनी पटवून घेऊन सोसलं. आक्रमकाने केलेल्या संहाराचा दोष आक्रमकाचाच. मारिउपोलच्या नाट्यगृहाबाहेर जमिनीवर प्रचंड अक्षरांत 'मुलं' असं लिहिलं होतं, तरी 16 मार्च 2022 ला त्यावर बॉम्ब पडला. त्याला कुठलंच समर्थन नाही. पण बचाव करणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने युक्रेनचं सैन्य शाळा आणि रुग्णालयांत तळ टाकतं असा अहवाल दिला. त्यावरून मोठा वाद झाला, संस्थेच्या युक्रेन शाखेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. वाद व्हायलाच हवा होता. आपल्याकडे निदान प्रश्न तरी विचारला गेला आहे का?

सगळ्यात भयंकर उदाहरण चीनचं. जून 1938 मध्ये जपानी फौजा रोखायला चिनी सैन्याने हुआयुआनकौ इथे पीत नदीचा बांध फोडला. खालच्या गावांना आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बातमी शत्रूला कळली असती. बुडून, उपासमारीने आणि रोगराईने मेलेल्या आपल्याच लोकांची संख्या लाखांत गेली. धरणाच्या खाली वसलेल्या शहरात राहणारी माणूस म्हणून हे वाचताना मला गंगापूर धरण आठवतं.

आपल्या मुलखात याहून वेगळी रीत होती. 23 ऑक्टोबर 1662 चं शिवाजी महाराजांचं सर्जेराव जेध्यांना पाठवलेलं पत्र आहे. मोगल चालून येत आहेत, रात्रीचा दिवस करा, गावोगाव हिंडा आणि रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली सुरक्षित जागी पाठवा. यात हयगय केलीत तर पाप तुमच्या माथी बसेल, असा त्याचा आशय आहे. लढाई कशी करायची याआधी माणसं कुठे न्यायची, हा हुकूम. आणि शंभर वर्षांच्या आत पानिपत. फौजेबरोबर हजारो यात्रेकरू, बायका, व्यापारी. 14 जानेवारी 1761 नंतर आलेल्या निरोपात दोन मोत्यं गळाल्याचं आणि सत्तावीस मोहरा गेल्याचं कळवलं होतं. खुर्दा किती गेला याची गणतीच नव्हती. ते वाक्य आपण शाळेपासून पाठ म्हणतो. आम्ही तो खुर्दा आहोत. आम्हाला आधी मोजा.

माझ्या तक्रारी स्पष्ट मांडते.

पहिली तक्रार माहितीची आहे आणि तीच मुळाशी आहे. चढउतार करणारा भोंगा म्हणजे धोका आणि एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला, हे मला माझ्या आईने सांगितलं, तिला 1971 मध्ये कळलं होतं. आमच्या इमारतीतल्या तरुणांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. "लोकांना सांगितलं तर घबराट होईल" असं उत्तर एका बैठकीत मी स्वतः ऐकलं. मला ते पटत नाही, कारण मी नाशिककर आहे. गंगापूरमधून पाणी सोडायचं ठरलं की किती क्युसेक सोडणार ते आधी कळतं. सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर नेतात, भांडी बाजार रिकामा होतो, गोदाकाठच्या टपऱ्या उचलल्या जातात. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून अख्खं शहर पुढचं ठरवतं. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत हे आम्ही केलं आहे. पाण्याची पातळी सांगितल्याने इथे कुणी वेडंवाकडं धावत सुटत नाही. आकाशातून येणाऱ्या धोक्याबाबत तीच माणसं एकदम अडाणी कशी समजली जातात?

न सांगण्याचा परिणाम काय होतो याला 3 मार्च 1943 ची लंडनमधली बेथनल ग्रीनची घटना साक्ष आहे. भोंगा झाला, लोक भुयारी स्थानकात उतरू लागले, आणि जवळच्या बागेतून त्यांच्याच सैन्याने नव्या विमानवेधी रॉकेटांचा मारा केला. तो आवाज लोकांनी आधी ऐकलेला नव्हता. अंधारा जिना, मधे कठडा नाही. 173 माणसं एकमेकांखाली चिरडून मेली, त्यात 62 मुलं होती. एकही बॉम्ब पडला नव्हता. जिन्याचं काम करू द्या, अशी मागणी स्थानिक परिषदेने दोन वर्षं आधी केली होती आणि ती नाकारली गेली होती. आपल्याला हे समजायला लंडनला जावं लागत नाही. 27 ऑगस्ट 2003 ला कुंभमेळ्यात रामकुंडाजवळच्या अरुंद रस्त्यात 39 भाविक गेले. 2027 च्या सिंहस्थात याच शहरात लाखो परकी माणसं असतील, ज्यांना आपली एकही गल्ली माहीत नसेल. त्या वेळी भोंगा वाजला, किंवा वाजला अशी अफवा उठली, तर काय? हा प्रश्न तुमच्या आराखड्यात लिहिलेला मला पाहायचा आहे.

दुसरी तक्रार ब्लॅकआऊटबद्दल. दिवे मालवले की आपण दिसत नाही, हा 1971 चा दिलासा होता. आता अक्षांश-रेखांशावर चालणाऱ्या शस्त्राला खिडकीतला दिवा लागत नाही. काही ड्रोनांच्या बाबतीत अंधाराचा उपयोग असेलही, ते तुम्हाला जास्त कळतं. पण अंधाराचीही किंमत असते. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआऊट सुरू झाला आणि रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या जवळपास दुप्पट झाली. द्वारका चौकात भर दिवसा काय होतं ते तुम्ही पाहता. आणि घराघरांत प्राणवायूची यंत्रं, डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणारी माणसं आहेत. 21 एप्रिल 2021 ला याच शहरातल्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि थोड्याच वेळात वीसहून अधिक रुग्ण गेले. श्वास किती मिनिटं थांबू शकतो हे नाशिकला नव्याने शिकवायला नको.

तिसरी, शाळा आणि रुग्णालयांबद्दल. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 18 सांगतं की रुग्णालयं लष्करी लक्ष्यांपासून शक्य तितकी दूर असावीत आणि त्यांच्यावर खूण असावी. तो करार भारताला बंधनकारक आहे. 1977 च्या पुरवणी करारात आणखी पुढे जाऊन दाट वस्तीजवळ लष्करी लक्ष्यं ठेवू नयेत असं म्हटलं आहे. त्यात भारत सामील नाही. नसला तरी त्यामागचं शहाणपण सामील करून घ्यायला कुणाची सही लागत नाही. देवळाली आणि ओझर दोन्ही सुरुवातीला गावाबाहेर होते. वस्ती त्यांच्याकडे सरकत गेली, त्याला परवानग्या मुलकी यंत्रणांनीच दिल्या. आता छावणी हलवा असं मी म्हणत नाही. पण कठीण प्रसंगी एखादी शाळा तुकडीसाठी लागणार असेल तर तिथली मुलं कुठे जातील, हे आजच ठरलेलं असावं.

चौथी गोष्ट मला बोलायला जड जाते. आमच्या परिसरातले काही चांगले, तळमळीचे तरुण म्हणतात, युक्रेनसारख्या आम्हालाही बंदुका द्या. कीव्हमध्ये पहिल्याच दिवसांत नागरिकांना हजारो रायफली वाटल्या गेल्या हे खरं आहे. पण शस्त्र घेऊन लढाईत उतरल्या क्षणी माणसाला नागरिकाचं संरक्षण राहत नाही. आक्रमण होत असताना लोक उत्स्फूर्त उठले, तर उघड शस्त्र बाळगून आणि युद्धाचे नियम पाळून लढणाऱ्यांना तिसरा जिनिव्हा करार सैनिकाचं संरक्षण देतो. पण मग शत्रूने त्यांच्यावर गोळी चालवणंही कायदेशीर ठरतं, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीतली म्हातारीही त्या माऱ्यात येते. मोबाइलचंही असंच आहे. युक्रेनमध्ये येणारं क्षेपणास्त्र नागरिकांनी फोनवरून सैन्याला कळवावं असं ॲप काढलं. उपयोगी आहे, मान्य. पण तो फोन हातात धरणारा पोरगा स्वतःला कुठल्या जागी उभा करतो हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. आमच्याकडे तर महामार्गावरून तोफांचा ताफा निघाला की रील टाकणारे शंभर जण उभे असतात. त्यांना देशद्रोही म्हणून काही होणार नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. या तरुणांना बंदुकीआधी स्ट्रेचर उचलायला, रक्तस्राव थांबवायला, आग विझवायला शिकवा. 1971 मध्ये भुजची धावपट्टी उखडली तेव्हा माधापरच्या बायकांनी ती बांधून दिली. हातात बंदूक नव्हती.

आता मागण्या. 1968 चा नागरी संरक्षण कायदा आणि नियम तुम्हाला अधिकार देतात, 2010 च्या दुरुस्तीने आपत्तीही त्यात आली, तेव्हा अधिकार नाहीत हे उत्तर आम्हाला नको.

प्रभागनिहाय आसऱ्याच्या जागांची यादी मराठीत छापून प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या फलकावर, रेशन दुकानात आणि अंगणवाडीत लावा. जुन्या नाशकातल्या वाड्यांसाठी वेगळा विचार करा; पावसाळ्यात ज्या भिंती ढासळतात त्यांच्याखाली कुणाला आसरा देऊ नका. तळघरं पार्किंग आणि गोदामांखाली गेली असतील तर तसं लिहा, खोटी जागा दाखवू नका.

भोंग्याची चाचणी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी घ्या. कुठे ऐकू येत नाही ते लोकांकडून कळवून घ्या. अधिकृत निरोप कुठून येईल ते एकदाच ठरवा, म्हणजे बाकीचे सगळे खोटे हे पोरांनाही कळेल.

अंथरुणावरच्या, अपंग, यंत्रावर जगणाऱ्या माणसांची नोंद आशा सेविकांकडून करून घ्या. त्यांच्या घरच्यांच्या संमतीने आणि ती यादी सांभाळून. ब्लॅकआऊट झालाच तर त्या घरांची वीज कशी चालू राहील ते वीज कंपनीबरोबर आधी ठरवा.

सराव रात्री घ्या, झोपडपट्टीत घ्या, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळी सुटताना घ्या. मैदानात गणवेशातल्या मुलांकडून घेतलेला सराव फोटोत चांगला दिसतो. जिन्यातली गर्दी तिथे नसते. सिंहस्थाच्या आराखड्यात हवाई हल्ल्याच्या अफवेचं स्वतंत्र पान ठेवा. पूल, धरण आणि वीजकेंद्र यांच्याबाबत लष्कराने काही कठोर निर्णय योजून ठेवले असतील तर ते गुप्तच राहू द्या. फक्त त्या निर्णयाच्या कागदावर, खालच्या वस्तीला किती मिनिटं आधी आणि कोण कळवणार, ही ओळ लिहिलेली असू द्या.

आणि ज्यांनी अर्ज भरले आहेत त्यांना बोलवा. निवृत्त परिचारिका, माजी सैनिक, एनसीसीची मुलं, रिक्षावाले, सगळे तयार आहेत. नागरी संरक्षणाची जगभर मान्य असलेली खूण केशरी पट्ट्यावरचा निळा त्रिकोण आहे. ती दंडावर बांधलेली माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत ओळखीची असायला हवीत, गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्यांइतकी.

माझ्या आईच्या पलंगाच्या लोखंडी दांडीला मी आता सिलिंडरचा पाना लाल दोऱ्याने बांधून ठेवला आहे. शेजारच्या तीन घरांतल्या सात जणांना तो डोळे मिटून लावायला शिकवलं. आमच्या इमारतीत एवढं झालं. रविवारी सकाळी आम्ही पाचही जणी मोकळ्या असतो. जागा आणि एक फळा द्या, प्रथमोपचाराचा पहिला वर्ग आम्ही घेऊ. आमचे अर्ज तुमच्या कपाटात मे 2025 च्या गठ्ठ्यात सापडतील.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
नाशिकरोड